पैरा, वेठ आणि सेवा
(दिंडीच्या शतकमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण. पुतण्याने लिहून घेतले आहे.)



दिंडीला शंभर वर्षं झाली. त्या निमित्तानं दोन शब्द बोला म्हणून आज्ञा झाली. मी शेतकरी माणूस, शिक्षण चौथी. कीर्तनाला उभा राहिलो की संतांचा अभंग हाताला धरून चालवतो. नुसतं भाषण म्हटलं की पाय लटपटतात. म्हणून आज अभंग लावत नाही, एकच शब्द घेतो. तो शब्द म्हणजे सेवा.

हाच शब्द का घेतला ते आधी सांगतो. चैत्रात ह्या सोहळ्याच्या पत्रिकेची जुळवाजुळव चालली होती. आम्ही पाचसहा जण माझ्या पडवीत बसलो होतो. मी सांगत होतो, पुतण्या लिहीत होता. कीर्तनसेवा, मृदंगसेवा, मंडपसेवा, ध्वनिक्षेपकसेवा, पाण्याच्या टँकरची सेवा. प्रत्येक सेवेपुढं एकेक नाव. तेवढ्यात आमच्या घरातली चहा घेऊन आली. कपबशा खाली ठेवल्या आणि तिथंच उभी राहिली. म्हणाली, "अवं, एक इचारू का?"

म्हटलं, "इचार की."

"ह्यात भाकरीची शेवा कुटं हाय?"

कुणाला काय बोलावं कळेना. एकानं हसून सांभाळून घेतलं, "वहिनी, ते महाप्रसादात आलंच की."

ती म्हणाली, "म्हापरसाद देणाऱ्याचं नाव हाय. थापणारीचं न्हाय." आणि आत गेली.

आपल्या दिंडीतल्या माणसांना ठाऊक आहे, पण नव्या मुलांसाठी सांगतो. पहाटे टाळकरी वाटेला लागायच्या आत सामानाचा ट्रक पुढच्या मुक्कामाला निघतो. त्या ट्रकात पिठाची पोती, शेगड्या, पातेली असतात आणि त्यातच भाकरी करणाऱ्या बाया बसतात. आपण चालत पोचतो तोवर जेवण तयार पाहिजे ना! आमच्या घरातली अशी एकोणीस वर्षं वारीला आली. मी लोकांना अभिमानानं सांगायचो की आमच्याकडं जोडीनं वारी आहे. त्या रात्री अंथरुणावर पडून हिशोब केला. एकोणीस वर्षांत ती दिवेघाट चालून चढली नव्हती. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण तिनं बघितलं नव्हतं, पुरंदवड्याचं गोल रिंगण बघितलं नव्हतं. संध्याकाळी मी मुक्कामाच्या तंबूत कीर्तन करायचो, तेव्हा ती मागं खरकटी भांडी घासत असायची. माझ्या कीर्तनसेवेची नोंद दरवर्षी झाली. तिची कशातच झाली नाही.

मला झोप लागेना. मनात आलं, आपण ज्याला त्याला सेवा म्हणतो. पण फुकट केलेल्या कामाला आपल्या वाडवडिलांनी किती वेगवेगळे शब्द ठेवलेत! ते काय उगाच ठेवले असतील का?

आता बघा. आमच्या माण-खटावकडं पाऊस थोडा, माणसं थोडी, बैल त्याहून थोडे. एकट्यानं शेती होतच नाही. म्हणून पैरा. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. पैसा द्यायचा नाही, पण हिशोब पक्का. दोन दिवसांचा पैरा दोन दिवसांनीच फिटतो. ज्याच्याकडं एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी वारंगुळा करतो. तुझा एक, माझा एक, मिळून एक जोडी. दोघांचंही औत चालतं. आणि काम फारच मोठं असलं, किंवा घरात दुखणं येऊन पेरणी मागं पडली, तर इर्जिक घालायची. गावात सांगावा धाडायचा. दहापंधरा औतं एकदम रानात उतरायची, दिवसात रान मोकळं. मजुरी नाही, पण संध्याकाळी पोटभर जेवण घालायचं. मावळात ह्यालाच सावड म्हणतात. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी भाऊ एकमेकांच्या भाताची खाचरं मिळून तयार करतात, ते त्याला पडकई म्हणतात.

ह्या शब्दांत काही कमीपणा नाही. उलट मी म्हणेन, पैरा हा फार प्रामाणिक शब्द आहे. तो सरळ सांगतो की मी दिलंय ते परत येणार आहे. तो सेवेचं सोंग घेत नाही.

मला स्वतःला पैरा आणि सेवा ह्यांतला फरक कळायला पंचेचाळीस वर्षं लागली. २००३ च्या दुष्काळात मी बैल विकले. चाराच नव्हता. पुढं पाऊस पडला आणि माझ्या दावणीला काही नाही. मी बांधावर नुसता बसून होतो. एका सकाळी आपल्या दिंडीतले टाळकरी तीन औतं घेऊन आले. मी बोलावलं नव्हतं. सांजेपर्यंत बाजरी पेरून झाली. मी घरातनं वही आणली आणि कुणाचं औत, किती वेळ, सगळं लिहायला लागलो. वीणेकरी तात्या तिथं होते. आता ते वैकुंठवासी झाले. म्हणाले, "काय लिवतोस रं?"

म्हटलं, "तात्या, पैरा फेडाया पायजे न्हवं?"

"ह्यो पैरा न्हाय. फाड त्ये पान."

"मग इर्जिक धरा. सगळ्यांस्नी जेवायला घालतो."

"घरात दाणा न्हाय, जेवाय काय घालतोस? गप बस आन् घे."

मंडळी, देणं सोपं आहे. त्या दिवशी घेताना माझी मान खाली गेली होती. तात्यांनी ते ओळखलं. म्हणाले, "वारीत पंधरा-अठरा दिवस दारोदारची भाकरी खातोस, तवा मान खाली जाती का? मग आजच का?" मी पान फाडलं. जो घेऊ शकत नाही त्याला सेवा करता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. कारण मग तो दुसऱ्यावर उपकारच करत राहतो.

पुढं २०१७ आणि २०१८ ला आमच्या तालुक्यात वॉटर कपच्या स्पर्धेचं वारं आलं. तेव्हा श्रमदान हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस, उन्हाच्या तडाख्यात माणसं माळावर सलग समतल चर खणत होती. शहरातनंही लोक हातात टिकाव घेऊन आले. मीही गेलो. फार चांगलं काम झालं, त्याचं कौतुकच आहे. पण एक गोष्ट डोळ्यांत राहिली. एक बाई दिवसभर दुसऱ्याच्या रानात रोजावर खुरपून संध्याकाळी चर खणायला यायची. तिला स्वतःची गुंठाभर जमीन नाही. ते पाणी जिरून ज्यांच्या विहिरींना उतरणार, त्यातले काही जण पारावर बसून होते. दान म्हणावं तर खरं दान त्या बाईचं. पाणी आल्यावर तिला कुणी एक वाफा तरी दिला का? मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

आता एक शब्द उरला. तो तोंडावर घ्यायला जड जातो. तो म्हणजे वेठ. वेठीलाही मजुरी नसते. तीही फुकटच. बाहेरनं बघितलं तर वेठ आणि सेवा दोन्ही सारख्याच दिसतात. माणूस राबतोय, पैसा घेत नाही.

आपल्या चोखोबारायांचं काय झालं? मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललं होतं. परंपरा सांगते की चोखोबा त्या कामावर वेठीला होते. कूस कोसळलं, आणि देवाचा एवढा थोर भक्त दगडमातीखाली गेला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वाराशी समाधी दिली. आपण सगळे तिथं माथा टेकतो. माथा टेकताना हे ध्यानात ठेवावं की ते सेवा करताना गेले नाहीत, वेठीला धरलेले असताना गेले. तीच वेठ पुढं कित्येक पिढ्या महारवतनाच्या नावानं चालली. ती मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल मांडलं. त्या कामालाही लोक गावची सेवाच म्हणत असतील.

मग वेठ आणि सेवा ह्यांत फरक कशाचा? माझ्या चौथीच्या बुद्धीला एकच सापडला. जिथं नाही म्हणायची मोकळीक आहे, तिथं सेवा. जिथं नाही म्हणता येत नाही, तिथं वेठ. वर फुलं उधळली तरी वेठच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातलीला म्हटलं, "एकोणीस वर्स भाकरी थापल्यास, ती शेवाच की गं."

ती चुलीपुढनं न बघता म्हणाली, "आसंल. पर मला कुणी इचारलंवतं का?"

मंडळी, ह्यावर मला उत्तर नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच नाही.

आपल्या पंढरीचा उगम बघा. पुंडलिक आईबापाचे पाय चेपत होता. देव दारात आला. पुंडलिकानं वीट फेकली आणि थांब म्हणाला. ज्याला साक्षात देवाला थांब म्हणायची मोकळीक होती, त्याचीच सेवा देवाला गोड लागली. देव रागावला नाही, अजून उभा आहे. नाथांच्या घरी पैठणला देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षं राहिला, गोदावरीच्या पाण्याच्या कावडी वाहिल्या. त्याला कुणी धरून आणलं नव्हतं, आणि त्यानं आपलं खरं नावही सांगितलं नाही. आणि जनाबाईची गोष्ट तर प्रत्येक माऊलीला पाठ आहे. गोपाळपुऱ्यात तिचं जातं आजही दाखवतात. देवानं जनाबाईला काय सांगितलं? बाई, तुझी दळणसेवा थोर आहे, चालू दे, मी आपला राउळात बसतो? नाही. तो जात्याला बसला आणि खुंटा धरला. इथं मी स्वतःला विचारलं, बुवा, तू जनाबाईवर किती कीर्तनं केलीस? आणि परातीला हात किती वेळा लावलास?

आता माझ्याच पदरातलं सांगतो. तुकोबारायांनी आम्हा कीर्तनकारांना नियम घालून दिला आहे की कीर्तनाच्या बदल्यात काही घेऊ नये. मी बरीच वर्षं पाळला. नंतर घरात लेकीचं लग्न निघालं, बोअर कोरडी गेली, आणि मी पाकीट घ्यायला लागलो. पत्रिकेत छापलेलं असायचं कीर्तनसेवा, आणि मंडपाच्या मागं ठरायचं किती. एका गावात तर चाऱ्याअभावी जनावरं विकायला काढली होती, आणि मी तिथनंही पाकीट घेऊन आलो.

त्यानंतरच्या वारीत वाटेत वहाण तुटली. रस्त्याकडेला एक चर्मकार बांधव वारकऱ्यांच्या वहाणा शिवत बसला होता. त्यानं माझी वहाण घेतली, दोन टाके घातले, अंगठा बसवून दिला. मी वीस रुपये पुढं केले. तो म्हणाला, "माऊली, आज दुकान बंद हाय." हात चालूच होते, पुढं आणखी दहाबारा जणांची रांग होती, आणि दुकान बंद! मी वहाण घालून पुढं निघालो, पण ते शब्द पायाखाली खड्यासारखे टोचत राहिले. माझं दुकान कधी बंद असतं?

ज्याचं पोटच कीर्तनावर आहे, त्यानं घ्यावं. लेकरंबाळं सगळ्यांना आहेत, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण घेतलं तर त्याला मानधन म्हणावं, बिदागी म्हणावी, सेवा छापू नये. माझं पोट शेतीवर आहे. मी त्या वर्षापासनं पाकीट बंद केलं. एस.टी.चं भाडं मात्र घेतो, ते आपल्या गाठचं परवडत नाही.

आता यंदाच्या आषाढीत काय झालं ते सांगतो आणि थांबतो. वारीच्या आधी दिंडीच्या बैठकीत मी विषय काढला. म्हटलं, ट्रकात जाणाऱ्या प्रत्येक बाईला विचारू या. येणार का, किती दिवस भाकरी करणार, कोणत्या दिवशी चालणार. काही जण हसले. पण विचारलं. दोघी म्हणाल्या, यंदा आम्ही आळंदीपासनं चालणारच. एक म्हणाली, मला गुडघ्यानं चालवत नाही, मी आनंदानं ट्रकात जाईन. आमच्या घरातली म्हणाली, "भाकरी मी थापीनच. पर रिंगणाच्या दिशी न्हाय."

मग पुरंदवड्याच्या रिंगणाच्या दिवशी आम्ही आठ गडी ट्रकात बसून माळशिरसला पुढं गेलो. त्या दिवशीच्या भाकरी ज्यांनी खाल्ल्या ते इथं बसलेत, त्यांची मी जाहीर माफी मागतो. काही करपल्या, काही कच्च्या राहिल्या, गोल तर एकही नव्हती. दोन तासांत माझ्या मनगटात गोळा आला, धुरानं डोळे चुरचुरले. तेव्हा कळलं की एकोणीस वर्षं म्हणजे किती.

सांजेला पालखी आली, मागनं बाया आल्या. आमच्या घरातली घामानं भिजलेली, केस धुळीनं भरलेले. मी विचारलं, "कसं झालं रिंगण?" म्हणाली, "घोडा लई जोरात पळतो की हो." एवढंच. मग पदराची गाठ सोडली. माऊलींच्या अश्वाच्या टापांखालची चिमूटभर माती तिनं बांधून आणली होती. सगळे उचलतात तशी. तिनं ती आधी माझ्या कपाळाला लावली, मग बाकीच्या सात जणांना. म्हणाली, "तुमी हितं चुलीपुढं व्हता, तुमाला कुटली मिळायची!"

मंडळी, एकोणीस वर्षांत मी तिच्यासाठी अशी चिमूट कधी आणली नव्हती. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

म्हणून दिंडीच्या शंभराव्या वर्षी माझं मागणं थोडकंच आहे. दिंडीत कुणालाही काम सांगायच्या आधी विचारावं, आणि त्यानं नाही म्हटलं तर राग धरू नये. ट्रकचा ड्रायव्हर आणि रोजानं आणलेला आचारी ह्यांचं दाम पुरतं द्यावं. देवाचं काम आहे म्हणून त्यांचे पैसे कापू नयेत, ती आपली सेवा होत नाही, त्यांची वेठ होते. रिंगणाच्या दिवशी चुलीची पाळी पुरुषांची असावी. आणि ह्या स्मरणिकेत जिथं वीणेकऱ्यांची आणि कीर्तनकारांची यादी छापणार आहात, तिथंच भाकरी करणाऱ्या माऊल्यांची यादी छापावी. ज्या गेल्या त्यांचीही. म्हाताऱ्या बायांना विचारलं तर सगळी नावं सांगतील, त्यांना पाठ आहेत. त्यांतल्या कुणी आपलं नाव नको म्हटलं, तर नको. पण तेही त्यांनाच विचारून.

काही वावगं बोललो असेन तर लेकरू समजून पोटात घाला. पुढच्या आषाढीला माळशिरसला माझ्या हातच्या भाकरी आहेतच. तोवर गोल करायला शिकतो.

रामकृष्ण हरी!